कंडेन्सेट बॉयलरला परत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायझिंग (सुताला खळ लावणं), कापडाचं प्रोसेस हाऊस, डेअरी, लाँड्री, खाद्यपदार्थांचे छोटे कारखाने अशा ठिकाणी साधारण १ ते ६ टनांचा (म्हणजे ताशी तेवढी वाफ देणारा) बॉयलर असतो. तो चालवणारे फायरमन, फिटर आणि मालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं आहेत. आकडे व्यवहारात चालतील इतके गोळाबेरीज केलेले आहेत. दाब जिथे दिला आहे तिथे तो गेजवर दिसणारा दाब आहे, चौरस सेंटीमीटरला किलोमध्ये.

कंडेन्सेट म्हणजे साधं गरम पाणीच ना? मग त्याचं एवढं काय?

पाणीच आहे, पण तुमच्या कारखान्यातलं सगळ्यात महागडं पाणी आहे. वाळवणाऱ्या सिलिंडरमध्ये, कॉइल किंवा जॅकेटमध्ये वाफ आपली सुप्त उष्णता देते आणि तिथेच पाणी होते. तेच कंडेन्सेट. ७ किलो दाबाच्या एक किलो वाफेत एकूण ६६० किलोकॅलरी उष्णता असते. त्यातली सुमारे ४९० मशीनला मिळते आणि १७० पाण्यातच राहते. म्हणजे जाळलेल्या इंधनाचा जवळजवळ चौथा हिस्सा ट्रॅपमधून (वाफ अडवून फक्त पाणी सोडणाऱ्या झडपेतून) बाहेर पडणाऱ्या पाण्यात असतो.

शिवाय हे पाणी ऊर्ध्वपातित असतं. त्यात हार्डनेस नाही, टीडीएस (विरघळलेले क्षार) जवळपास शून्य. सॉफ्टनरचं मीठ, बॉयलरचं केमिकल, बोअरची वीज हा सगळा खर्च त्यावर एकदा होऊन गेलेला असतो. असं पाणी वाफाळत गटारात जाताना दिसलं की मला खरोखर वाईट वाटतं. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो त्याच गावात हे चाललेलं असतं.

पैशात सांगा. किती वाचतं?

बॉयलरच्या पाटीवर २ टन लिहिलंय म्हणून २ टन धरू नका, प्रत्यक्षात किती वाफ लागते ते धरा. समजा ती खरोखरच ताशी २,००० किलो आहे आणि त्यातलं ७० टक्के, म्हणजे १,४०० किलो कंडेन्सेट ९० अंशाला फीड टँकमध्ये, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीत आलं. बाहेरचं पाणी ३० अंशाला येतं. फरक ६० अंशांचा.

१,४०० गुणिले ६० म्हणजे ताशी ८४,००० किलोकॅलरी.

ब्रिकेटचं (शेतीचा कचरा दाबून केलेल्या ठोकळ्यांचं) उष्मांक मूल्य किलोला ३,८०० किलोकॅलरी आणि बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर एक किलो ब्रिकेटमधून कामाला २,६६० किलोकॅलरी येतात. म्हणजे ताशी जवळपास ३२ किलो ब्रिकेट वाचलं. बॉयलर दिवसाला २० तास चालत असेल तर सव्वासहाशे किलोच्या वर. भाव तुमच्या शेवटच्या बिलातला घाला. पाणी वाचलं रोजचं २८,००० लिटर, ते वेगळंच.

तोंडी हिशेबाला एक ठोकताळा आहे: फीड पाण्याचं तापमान ६ अंशांनी वाढलं की इंधन सुमारे १ टक्का कमी लागतं. वरच्या उदाहरणात टाकीचं तापमान ३० वरून ७२ वर गेलं, म्हणजे ७ टक्के. दोन्ही हिशेब जुळतात.

आमच्याकडे आत्ता किती कंडेन्सेट परत येतं हे कसं कळणार?

फीड टँकमध्ये बाहेरून येणाऱ्या पाण्याच्या लाइनवर मीटर बसवा. माझ्या मते बॉयलर हाऊसमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचं उपकरण हेच आहे, आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी नसतं. दुसरा मीटर फीड पंपाच्या लाइनवर. दिवसभरात बॉयलरला ४० घनमीटर पाणी गेलं आणि बाहेरून १६ घेतलं, तर २४ परत आलं, म्हणजे ६० टक्के.

मीटर येईपर्यंत थर्मामीटरवर काम चालवता येतं. बाहेरचं पाणी ३० अंश, येणारं कंडेन्सेट ९० अंश आणि टाकी ६० वर स्थिर असेल, तर निम्मं पाणी परत येतंय.

हा थर्मामीटर एका परिस्थितीत फसवतो. टाकी ९५ अंशांना उकळतेय, व्हेंटमधून वाफेचा लोट निघतोय, आणि तरीही बाहेरचं पाणी भरपूर लागतंय, असं दिसलं तर परतावा चांगला आहे असं समजू नका. ट्रॅप उघडे पडलेत, जिवंत वाफ मशीन ओलांडून टाकीत येतेय आणि व्हेंटवाटे उडून जातेय.

सगळंच कंडेन्सेट परत आणायचं का?

नाही. जिथे वाफ मालाला किंवा द्रवाला थेट लागते तिथे परत आणण्यासारखं काही उरतच नाही. सायझिंगमध्ये सिलिंडरचं कंडेन्सेट परत येतं, पण साऊ बॉक्समध्ये, म्हणजे खळीच्या टाकीत, खळीत सोडलेली वाफ खळीतच राहते. उघड्या जिगरमध्ये (कापड रंगवायच्या यंत्रात) छिद्रांच्या पाइपनं वाफ सोडत असाल तर तीही गेली. म्हणून '९० टक्के परतावा मिळवून देतो' असं कोणी सांगितलं, तर आधी थेट वाफ किती जाते ते विचारा.

दुसरा वर्ग संशयाचा. कॉइल किंवा ट्यूब फुटली तर पलीकडचा द्रव कंडेन्सेटमध्ये येऊ शकतो: रंग, तेल, दूध, ॲसिड. मशीन चालू असताना वाफेचा दाब जास्त असतो, त्यामुळे गळती बाहेरच्या बाजूला होते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मशीन बंद झालं, कॉइल थंड झाली की आत निर्वात तयार होतो आणि कॉइल बाहेरचा द्रव ओढून घेते. पुढच्या पाळीला वाफ सोडली की तोच माल पहिल्यांदा टाकीकडे पळतो. म्हणून नमुना पाळी सुरू होतानाचा घ्या, भर दुपारचा नको.

डाय, ॲसिड किंवा मिठाच्या द्रावणासाठी लाइनवर कंडक्टिव्हिटी सेन्सर आणि त्याच्या इशाऱ्यावर पाणी गटाराकडे वळवणारा व्हॉल्व्ह बसवता येतो. तेल आणि साखर मात्र या सेन्सरला दिसत नाहीत, कारण ती वीज वाहून नेत नाहीत. तेल तापवणाऱ्या कॉइलचं कंडेन्सेट मी बॉयलरला देणार नाही. त्याची उष्णता एखाद्या हीट एक्स्चेंजरमधून काढून घ्यावी आणि पाणी सोडून द्यावं. बॉयलरच्या नळीवर तेलाचा पातळ थर बसला तरी धातू तापतो, पाणी फेसाळतं आणि वाफेबरोबर पाणी उडायला लागतं.

साखर कारखान्यात हे कसं करतात?

तिथे हा प्रश्न जीवनमरणाचा असतो. ऊसच मुळात सुमारे ७० टक्के पाणी, त्यामुळे कारखान्यात कंडेन्सेट गरजेपेक्षा जास्तच तयार होतं. टर्बाइनमधून निघालेली एक्झॉस्ट वाफ रस आटवणाऱ्या पहिल्या बॉडीत (भांड्यात) जाते, तिचं कंडेन्सेट बॉयलरला परत जातं. पुढच्या बॉडींमध्ये रसातून निघालेली वाफ वापरतात, तिचं कंडेन्सेट गिरणीवर इंबिबिशनला (उरलेला रस काढण्यासाठी चिपाडावर पाणी सोडायला) आणि धुण्याला जातं.

ट्यूब फुटून रस आत शिरला की बॉयलरच्या तापमानाला साखरेचं विघटन होऊन आम्लं तयार होतात. बॉयलरच्या पाण्याचा पीएच धडाधड खाली येतो, पाणी फेसाळतं. म्हणून प्रयोगशाळेतला माणूस ठरावीक वेळानं अल्फा नॅफ्थॉलची चाचणी करतो. परीक्षानळीत कंडेन्सेट, त्यात नॅफ्थॉलचे थेंब, आणि नळी तिरकी धरून कडेनं हळूच सोडलेलं सल्फ्युरिक ॲसिड. दोन थरांच्या सीमेवर जांभळं कडं दिसलं की साखर आहे. ते दिसताक्षणी कंडेन्सेट वळवतात, कोणाला विचारत बसत नाहीत. मिठाई, गूळ, सरबतं बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांनीही ही चाचणी शिकून घ्यावी.

ट्रॅपमधून वाफ निघताना दिसते. ट्रॅप खराब झालाय का?

बहुतेक वेळा नाही. हा फ्लॅश आहे. ७ किलो दाबाला कंडेन्सेट १७० अंशांना असतं. ट्रॅपच्या पलीकडे उघड्या हवेत पाणी १०० अंशांच्या वर राहूच शकत नाही. मग जास्तीची उष्णता पाण्याच्याच काही भागाची वाफ करते: ७ किलोवरून सोडलं तर वजनाच्या सुमारे १३ टक्के, ३ किलोवरून सोडलं तर ८ टक्के.

फरक ओळखायचा असा. फ्लॅशची वाफ पांढरी, आळसावलेली असते, तिच्याबरोबर पाणी पडत असतं. जिवंत वाफ जोरात, सुसाट येते आणि पाइपच्या तोंडापाशी काही इंच ती दिसतच नाही, पुढे जाऊन पांढरी होते. थर्मोडायनॅमिक ट्रॅपला कान द्या: थांबून थांबून टक, टक वाजत असेल तर तो काम करतोय. सतत खडखड करत असेल तर डिस्क झिजली. बॉल फ्लोट ट्रॅप सतत पाणी सोडतो, तिथे आवाजावरून सांगता येत नाही. ट्रॅपच्या पुढे साइट ग्लास किंवा चाचणीचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. ट्रॅप गारठलेला असेल तर तो बंद पडलाय किंवा त्याच्या अलीकडचा गाळणा तुंबलाय. गाळणा आधी उघडून बघा.

मग रिटर्न लाइन किती इंची हवी?

इथे सगळ्यात जास्त गफलत होते, म्हणून जरा थांबून सांगतो. माणसं पाण्याचे लिटर मोजतात आणि पाण्याला पुरेल असा पाइप टाकतात. वरचंच उदाहरण घ्या: एक किलो कंडेन्सेट ७ किलोवरून वातावरणात आलं. ८७० ग्रॅम पाणी राहिलं, त्याला जागा लागते एक लिटरपेक्षा कमी. १३० ग्रॅमची वाफ झाली, आणि वातावरणाच्या दाबाला एका किलो वाफेला सुमारे १,६७० लिटर जागा लागते. म्हणजे १३० ग्रॅमला २१७ लिटर. पाइपमधली ९९ टक्क्यांहून जास्त जागा वाफेनं व्यापली आहे आणि पाणी तळाशी ओघळतंय.

म्हणून ट्रॅपनंतरची लाइन ही फ्लॅश वाफेची लाइन समजून काढायची. लहान पाइप टाकला की मागे दाब तुंबतो. मग कमी दाबावर चालणाऱ्या मशीनचं पाणी निघत नाही आणि मशीन थंड राहतं. फिटर 'ट्रॅप लहान पडला' म्हणून मोठा ट्रॅप बसवतो. तरीही काही होत नाही, कारण दोष पुढच्या पाइपचा असतो. लाइनला वाहण्याच्या दिशेनं उतार द्या, दर १०० मीटरला एखादा मीटर तरी. वेगवेगळ्या दाबांची कंडेन्सेटं एका अरुंद पाइपात कोंबू नका.

आमचे सगळे सिलिंडर एकाच ट्रॅपवर आहेत. चालेल?

चालताना दिसेल, पण वाळण सारखं होणार नाही. प्रत्येक सिलिंडरमध्ये वाफ थिजण्याचा वेग वेगळा. ओला ताणा पहिल्यांदा ज्यावर येतो तो सिलिंडर सगळ्यात जास्त वाफ खातो, त्याचा दाब सगळ्यात जास्त पडतो. पुढच्या सिलिंडरचं जास्त दाबाचं कंडेन्सेट सामाईक पाइपात येतं आणि या बिचाऱ्याचं पाणी अडवतं. एका मशीनला एक ट्रॅप, एका सिलिंडरला एक ट्रॅप.

फिरत्या सिलिंडरची आणखी एक अडचण आहे. पाणी सायफन पाइपनं वर उचलून मधल्या जॉइंटमधून बाहेर येतं. या सायफनभोवती गरम वाफ असते, त्यामुळे सायफनमध्येच वाफ अडकते आणि ट्रॅप बंद राहतो. ती वाफ थिजेपर्यंत मागचं पाणी सिलिंडरमध्ये साठत जातं, मोटरवर भार येतो. याला स्टीम लॉक म्हणतात. स्टीम लॉक रिलीजची छोटी सुई असलेला बॉल फ्लोट ट्रॅप याच कामासाठी मिळतो. ती सुई जेमतेम उघडी ठेवायची.

ट्रॅपला वळसा घालणारा बायपास थोडा उघडा ठेवल्याशिवाय मशीन तापत नाही. काय करावं?

कुठल्याही जुन्या विभागात जा आणि ट्रॅपच्या जोडणीकडे नीट बघा. बायपासचं चाक रोजच्या हातांनी घासून चकचकीत झालेलं असतं आणि ट्रॅपच्या अलीकडचा व्हॉल्व्ह गंजून जागच्या जागी बसलेला असतो. म्हणजे ट्रॅप कधी उघडून पाहिलेलाच नाही.

बायपास उघडून मशीन तापतं, याचा अर्थ पाणी किंवा हवा अडकत होती. कारण शोधा: गाळणा तुंबलाय, ट्रॅपचा प्रकार चुकीचा आहे, हवा निघायला वाट नाही, किंवा पुढच्या लाइनमध्ये दाब तुंबलाय. सुट्टीनंतर मशीनमध्ये हवा भरलेली असते आणि हवा ही उष्णतेला अडवणारी गोष्ट आहे. एअर व्हेंट नसेल तर पहिला अर्धा तास त्यातच जातो. बायपास उघडा ठेवणं म्हणजे आजचा माल काढण्यासाठी रोज वाफ रिटर्नमध्ये ओतणं, आणि ती वाफ शेजारच्या चांगल्या ट्रॅपांचंही पाणी अडवते.

लाइन ठोकते. धोकादायक आहे का?

हो. आवाजाची सवय होऊ देऊ नका, माणसं यात मेली आहेत. वाफेच्या लाइनमध्ये साठलेलं पाणी वाफेच्या वेगानं ढकललं जातं आणि बेंडवर किंवा व्हॉल्व्हवर आदळतं. बिडाचा व्हॉल्व्ह यात फुटतो. रिटर्नमध्ये वेगळा प्रकार होतो: थंड पाण्यात वाफेचा फुगा शिरला की तो क्षणात आकसतो आणि रिकाम्या जागेत पाणी धडकतं.

मुख्य वाफेचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, आधी ड्रेन उघडून पाणी काढा. वाफेच्या लाइनच्या खोलगट भागात आणि वर चढणाऱ्या पाइपाच्या पायथ्याशी ड्रेन पॉकेट आणि ट्रॅप हवेच. रिटर्नमध्ये गरम कंडेन्सेट पंपाच्या पाण्यानं भरलेल्या लाइनला जोडलं असेल तर ती जोडणी तोडा. लाइन जोरात ठोकत असताना व्हॉल्व्हची हालचाल करू नका. बॉयलरकडून वाफ बंद करा आणि लांब उभे राहा.

बॉयलर लांब आणि उंचावर आहे. ट्रॅपच पाणी वर चढवेल ना?

ट्रॅप पाणी चढवत नाही, मागचा वाफेचा दाब चढवतो. एक किलो दाबाला पाणी सैद्धांतिक १० मीटर चढतं. दाब कायम असलेल्या मशीनवर, थोड्या उंचीसाठी, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावून हे चालतं.

तापमान नियंत्रक असलेल्या मशीनवर मात्र गोष्ट फिरते. जेट डाईंग मशीन ठरलेल्या तापमानाला पोहोचलं की नियंत्रक वाफ आवळतो आणि एक्स्चेंजरमधला दाब झपाट्यानं पडतो. रिटर्न ४ मीटर उंचीवर असेल तर पाणी ढकलायला निव्वळ ०.४ किलो दाब लागतो, आणि आत तेवढाही उरलेला नसतो. पाणी एक्स्चेंजरमध्येच साठतं. मग तापमान घसरतं, नियंत्रक धडकन वाफ सोडतो, आत हातोडे बसतात आणि ट्यूब लवकर जातात. अशा मशीनचं कंडेन्सेट ट्रॅपमधून नुसत्या उतारानं खालच्या टाकीत पडू द्या आणि तिथून पंपानं पाठवा. पंप विजेचा असो की वाफेच्या दाबावर चालणारा. वाफेवरचा पंप महाग पडतो, पण त्याला गरम पाण्याचं वावडं नाही.

टाकीचं पाणी गरम झालं की फीड पंप पाणी ओढेनासा होतो. म्हणून आम्ही थंड पाणी मिसळतो.

हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण मेहनतीनं आणलेली उष्णता तुम्ही पंपासाठी ओतून देताय. पंपाच्या तोंडाशी वातावरणाचा दाब पाणी आत ढकलतो, सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याएवढा. पाणी ३० अंशांचं असेल तर जवळजवळ सगळा दाब कामाला येतो. ९० अंशांना पाण्याचा स्वतःचा बाष्पदाब ०.७ बार होतो, आणि ढकलायला सव्वातीन मीटरच उरतात. पाइपातल्या घर्षणानं तेही गेले की पाणी पंपातच उकळतं, खडे फिरल्यासारखा आवाज येतो आणि इंपेलर कुरतडला जातो.

टाकी वर उचला. पंपाच्या उत्पादकाकडून एनपीएसएचचा (पंपाच्या तोंडाशी किमान किती दाब लागतो त्याचा) आकडा घ्या आणि त्याप्रमाणे उंची ठरवा, २ ते ३ मीटर बहुतेक वेळा लागतातच. सक्शन पाइप एक माप मोठा, सरळ आणि आखूड ठेवा. तिथे गाळणा असेल तर तो साफ असू द्या. टाकी जमिनीलगत बसवणं ही मूळची चूक असते आणि ती दुरुस्त करायला एक लोखंडी घोडा पुरतो.

टाकी आतून कशी असावी?

कंडेन्सेट आणि बाहेरचं पाणी दोन्ही टाकीच्या वरच्या भागात एकत्र मिसळू द्या, म्हणजे थंड पाण्यातला ऑक्सिजन तिथेच निघून जातो. ३० अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, ८० अंशांना तीनच्या आसपास, ९० ला दीडच्या आसपास. एक मिलिग्रॅम ऑक्सिजन मारायला सुमारे ८ मिलिग्रॅम सोडियम सल्फाइट लागतं. म्हणजे टाकी गरम ठेवलीत की केमिकलचं बिलही उतरतं. टाकीला झाकण, वर व्हेंट, बाहेरून ग्लासवूल किंवा रॉकवूलचं इन्सुलेशन. रिटर्न लाइनलाही तेच. उघड्या पाइपानं २०० मीटर आणलेलं कंडेन्सेट पावसाळ्यात कोमट होऊन पोहोचतं.

फ्लॅश वाफ उडून जाते ती वापरता येते का?

येते. जास्त दाबाचं कंडेन्सेट एका फ्लॅश व्हेसलमध्ये घ्या, अर्धा-एक किलो दाबाची वाफ वेगळी होईल. ती पाणी तापवायला किंवा टाकीतच वापरा. फक्त एक अट: ज्या वेळी फ्लॅश तयार होते त्याच वेळी तिला गिऱ्हाईक हवं. आधी ट्रॅप दुरुस्त करा, मग हे.

रिटर्न लाइन आतून खाल्ली जाते. शुद्ध पाणी असून असं का?

सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढतो, बायकार्बोनेट तसंच पुढे जातं. बोअरच्या पाण्यात ते भरपूर असतं. बॉयलरच्या उष्णतेनं ते फुटतं, कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर निघतो आणि कंडेन्सेटमध्ये विरघळून कार्बॉनिक आम्ल होतं. शुद्ध पाण्याला आम्लाचा प्रतिकार करायची ताकद नसते, त्यामुळे पीएच ५ पर्यंतसुद्धा घसरतो.

असा पाइप कापून बघा. वरचा अर्धा भाग जवळपास नवा. तळाला मात्र पाण्याच्या रुंदीची गुळगुळीत खोबण, आणि आट्यांपाशी भिंत कागदासारखी पातळ. गळती सगळ्यात आधी आट्यांवर होते ती म्हणूनच. आतून गुळगुळीत खोबणीऐवजी लाल टोप्यांखाली खोल खड्डे दिसले, तर तो ऑक्सिजनचा उद्योग आहे. लाइनमध्ये कुठूनतरी हवा शिरतेय.

उपाय दोन बाजूंनी करायचा. कंडेन्सेट जितकं जास्त परत येईल तितकं बायकार्बोनेटचं नवं पाणी कमी लागेल. उरलेल्यासाठी मॉर्फोलिन, सायक्लोहेक्सिलअमाइन यांसारखी अमाइन्स देतात. ती वाफेबरोबर जाऊन कंडेन्सेटचा पीएच वर ठेवतात. वाफ खाद्यपदार्थांना थेट लागत असेल तर ही रसायनं विक्रेत्याच्या तोंडी भरवशावर वापरू नका, खाद्य उद्योगासाठीची मान्यता आणि मर्यादा लेखी घ्या.

ब्लोडाऊनवर काय परिणाम होतो?

मोठा. ब्लोडाऊन म्हणजे क्षार साठलेलं पाणी बॉयलरमधून सोडून देणं. बाहेरचं पाणी ५०० टीडीएसचं आणि बॉयलरमध्ये मर्यादा ३,५०० धरली, तर कंडेन्सेट अजिबात नसताना ब्लोडाऊन वाफेच्या सुमारे १७ टक्के करावं लागतं. ७० टक्के कंडेन्सेट आलं की फीडचा टीडीएस १६० च्या आत येतो आणि ब्लोडाऊन ५ टक्क्यांच्या आत. परतावा वाढल्यावर फायरमनला हे सांगा, नाहीतर तो जुन्या सवयीनं तेवढंच पाणी सोडत राहतो.

रिटर्न लाइन बदलायला बॉयलर निरीक्षकांची परवानगी लागते का?

१९२३ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या बॉयलर अधिनियमानं घेतली आहे. वाफेची लाइन आणि फीड पंपापासून बॉयलरपर्यंतची लाइन यांना हात लावण्याआधी बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकांशी बोला. ट्रॅपनंतर खुल्या टाकीकडे येणारी लाइन हा सहसा कारखान्याचा स्वतःचा मामला असतो, पण नकाशा दाखवून खात्री करून घेण्यात काही जात नाही.

अमेरिकेत घरं वाफेनं तापवतात, तिथे पंप नसतो म्हणे. मग पाणी परत कसं येतं?

बॉयलर तळघरात, रेडिएटर वर. दाब अगदी थोडा. पाणी नुसत्या वजनानं खाली येतं. तिथला धोका वेगळा होता: जमिनीलगतचा रिटर्न पाइप फुटला की बॉयलर त्यातून रिकामा व्हायचा आणि कोरडा तापायचा. हार्टफोर्डच्या बॉयलर विमा कंपनीनं १९१९ मध्ये यावर तोडगा पुढे आणला. रिटर्न थेट तळाला न जोडता वर चढवून पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली जोडायचा. पाइप फुटला तरी पाणी त्या जोडापर्यंतच उतरतं. आजही त्याला हार्टफोर्ड लूप म्हणतात.

उलट मॅनहॅटनच्या रस्त्यांखाली १८८२ पासून जी वाफ विकली जाते, तिचं कंडेन्सेट वीजघराकडे परत जात नाही. इमारतींमध्येच ते थंड करून सोडतात किंवा दुसऱ्या कामाला वापरतात. शहरभर दुसरा पाइप टाकणं परवडण्यासारखं नव्हतं. आपल्या कारखान्यात मशीन आणि बॉयलर यांत एक भिंत असते, ही सबब आपल्याला नाही.

सुट्टीनंतर पहिलं कंडेन्सेट टाकीत घ्यावं का?

नाही. बंद काळात पाइपात हवा शिरते, गंज धरतो, आणि पहिल्या वाफेबरोबर तो सुटून येतो. हा लोखंडाचा गाळ बॉयलरच्या नळ्यांवर जाऊन बसतो. थंड धातू तापत असताना पाणीही नेहमीपेक्षा दुप्पट-तिप्पट येतं. टाकीच्या आधी गटाराकडे जाणारा एक व्हॉल्व्ह ठेवा आणि सुरुवातीचं पाणी तिकडे जाऊ द्या. त्यातलं थोडं लांब दांड्याच्या भांड्यात घ्या, निवू द्या, मग काचेच्या ग्लासात ओतून बघा. ग्लासाच्या तळाला लाल गाळ बसणं थांबलं आणि रंग, वास, फेस काही नाही असं दिसलं, की टाकीकडचा व्हॉल्व्ह उघडा आणि गटाराकडचा बंद करायला विसरू नका.